आलेफला आवाज नसतो

बाबा, काल मी शाळेतला शेवटचा तास घेतला. मुलींनी हार घातला, भाषणं झाली, मग मलाही बोलायला उभं केलं. मी बोलले. दोनदा अडले, थांबले, पुन्हा बोलले. घरी आले तेव्हा वाटलं, हे ज्यांना सांगायला हवं ते तुम्ही एकटेच, आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. तुम्ही अकोला स्टेशनात तारमास्तर, आणि मी एकोणीस वर्षांची, शिकलेली, पण स्वतःचं नाव धड सांगू न शकणारी. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली आणि तुम्ही मला घेऊन गेलात. बडनेऱ्याला गाडी बदलतानाही मी धडा घोकत होते. वर्गात उभी राहिले आणि ‘मुलींनो’मधला ‘मु’ ओठांतच अडकला. मी त्याला ढकलत राहिले. मान ताठरली, डोळे मिटले गेले, पुढच्या बाकावरची एक मुलगी फिसकन हसली. मुख्याध्यापिकाबाई मायेनंच म्हणाल्या, “तुम्ही शिवण शिकवा. त्यात फार बोलावं लागत नाही.” त्या हसण्यापेक्षा मला ती माया लागली.

आपण अकोल्याला परतलो. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाण्याआधी मागच्या ओट्यावर तुमच्या चटईशेजारी दुसरी चटई टाकलीत. तुम्ही रोज तिथं पश्चिमेकडे, येरुशलेमकडे तोंड करून बसायचात. शेजारची भाजीवाली मावशी मला विचारायची, “सूर्य तं इकडून निंगते वं माय, अन् तुहे बाबा तिकडे तोंड करून काहून बसते?” गावात आपल्या बेने इस्राएल ज्यूंची चारच घरं, प्रार्थनेला सिनेगॉग नाही. लहानपणी अलिबागेकडे कोचीनच्या एका म्हाताऱ्या धर्मशिक्षकानं जे शिकवलं, त्यावर तुमची सगळी उपासना चाललेली.

तुम्ही पाटीवर एक हिब्रू अक्षर काढलंत.

“हे कोणतं?”

“आ... आ... आलेफ.”

“याचा आवाज कसा?”

मी गप्प.

“बरोबर,” तुम्ही म्हणालात. “याला आवाजच नाही. सिनाय डोंगरावर देव बोलला तेव्हा लोकांनी एवढंच ऐकलं, असं आमचे गुरुजी सांगायचे. बोलण्याच्या आधीची शांतता. तिच्यात बसायला शीक.”

मी बसू लागले. डोळे मिटायचे, ते अक्षर समोर आणायचं, श्वास येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा. मग ‘शमा इस्राएल’ ही आपली प्रार्थना मनातल्या मनात म्हणायची, एका श्वासाला एकच शब्द. तीन महिने झाले तरी माझी जीभ होती तशीच. एका सकाळी मी चटई गुंडाळली आणि अडखळत का होईना, तुम्हाला म्हटलं, “काय उपयोग झाला याचा?” तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढा एकदाच. “हे जिभेचं औषध आहे असं तुला कुणी सांगितलं? देवाला वैद्य समजून त्याच्यापुढे बसतेस? उठायचं असेल तर ऊठ.” मी उठले. आठ दिवस स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले. तुम्ही एका शब्दानं बोलावलं नाहीत. माझी चटई मात्र रोज अंथरत होतात.

नवव्या दिवशी मी आले, आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. मला ती सकाळ अजून दिसते. रस्त्यानं जिनिंग कारखान्याकडे कापसाच्या बैलबंड्या चालल्या आहेत, चाकं करकरताहेत, मावशी कोणाला तरी हाक मारतेय. आणि त्या सगळ्या आवाजांच्या तळाशी काहीतरी स्तब्ध आहे, अफाट, आणि ते माझ्यातही आहे. शब्दाआधी माझ्या घशात जी गाठ बसायची, तीही त्याच शांततेचा तुकडा होती, आणि मी जन्मभर तिच्याशी भांडत आले होते. डोळे उघडले तर गाल ओले होते. तुम्ही पाहिलंत आणि टोपी घालून ड्यूटीवर निघून गेलात.

पुढच्या वर्षी तीच जागा पुन्हा निघाली, तेव्हा मी एकटीच गेले. तोच वर्ग, त्याच बाई, आणि ‘मु’ पुन्हा अडला. या वेळी मी ढकललं नाही. थांबले. श्वास आला, गेला. मुली माझ्याकडे पाहत होत्या, हळूहळू कुजबुज विरली, सगळा वर्ग त्या शांततेत माझ्याबरोबर बसला. मग “मुलींनो” आलं, आपल्या पायांनी आलं. तास संपेपर्यंत मी पाच-सहा वेळा अडले असेन. बाई मागच्या बाकावरून उठून आल्या आणि म्हणाल्या, “माझ्या वर्गात या पोरी इतक्या गप्प कधी बसत नाहीत. सोमवारपासून या.”

अकोल्यात टांग्यातून उतरत होते तेव्हा मावशी टोपलं खाली ठेवून ओरडली, “काय झालं वं पोरी?” मी भर रस्त्यात ओरडले, “मले घेतलं!” आणि तुम्ही दारात उभे होतात, हसत होतात, आणि माझं वऱ्हाडी ऐकून आणखीच हसलात.

त्याच शाळेत माझी तीस वर्षं गेली, बाबा. अडखळणाऱ्या चार मुलींना मी ओट्यावर शेजारी बसवलं. त्यातली एक आता वकील आहे, कोर्टात उभी राहते.

हे पत्र पाठवायचा पत्ता नाही, म्हणून एक कबूल करते. तुम्ही वीस मिनिटं बसायचात. मी हल्ली पाऊण तास बसते, आणि मधूनच एक डोळा उघडून घड्याळ पाहते, तुमच्या किती पुढे गेले ते.