धावपट्टीवरचा भात

मंगळवार, दिवेलागण

आजचं आजच लिहून ठेवते.

कळंबबाहेर रिसॉर्टवाल्यांची धावपट्टी आहे. विमान उतरतं कधीतरी. एरवी भात वाळवायला तिच्यासारखी जागा नाही. विमानानं वर एक घिरटी मारली की ज्यानं त्यानं आपली ताडपत्री ओढून बाजूला व्हायचं, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. आज सगळे बाजूला झाले, मीच राहिले. भात खडखडीत वाळला होता, तसाच ओढला तर सांडला असता. म्हटलं, अजून एक घिरटी मारेल, तेवढ्यात गोळा करते. का म्हटलं असं?

त्यानं मारली नाही. ऐन वेळी पट्टीवर वाकलेली मी दिसले असणार. विमान वळलं, बांधावर आपटलं, पंख मोडून शेतात पडलं.

आतल्या पायलटला बाहेर काढलं तेव्हा त्याचा पाय नुसता लोंबत होता. मला बघून म्हणाला, "मावशी, तुम्हाला लागलं नाही ना?"

शेजारची सुमन सांगत सुटलीय, "आमची वैनी जिवाची पर्वा न करता त्याला हात दाखवाया धावली!" नाय गं, भात भरत होते, एवढं माझ्या तोंडातून निघेना.

लागलं नाही ना? कानातून जातच नाही ते.

आणि हे तर कुणी पाहिलंच नाही. विमान आपटलं, तेव्हा मी आधी ताडपत्रीची टोकं बांधली. मग धावले.

भात ओटीवर आहे. एक दाणा सांडला नाही.