आटे जुळतात

शनिवार, ५ मे २००७
ट्रेलर ताब्यात आला. १९९६ चं मॉडेल, चोवीस फूट, पिकअपच्या मागे जोडून ओढायचा. आत चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा, टॉयलेट. विकणाऱ्या म्हाताऱ्याने दोन दोष प्रामाणिकपणे सांगितले. स्लाइड-आउट नऊ इंच बाहेर येऊन थांबतो, आणि टॉयलेटचं प्लंबिंग जुनं आहे. दोन्ही बघितले. दोन वीकएंडचं काम.

माझ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये ट्रेलर ठेवू देत नाहीत. त्र्यंबककाका आणि उल्काकाकूंच्या मागच्या अंगणात ठेवला. मंडळातली ओळख. काका नागपूरचे, तीस वर्षं इथल्या गाड्यांच्या कारखान्यात काढून रिटायर झालेले. त्यांनीच त्यांच्या पिकअपने ओढून आणला. मदत लागली तर सांग म्हणाले. लागणार नाही, असं सांगितलं.

आई-बाबा ७ जुलैला डेट्रॉइटला उतरतात. २८ ला पुढे यशोधनदादाकडे, प्लेनोला. वहिनीची बाळंतपणाची तारीख २० ऑगस्ट आहे. म्हणजे माझे एकवीस दिवस. दादा म्हणतो, डेट्रॉइटचं तिकीट सोयीचं मिळालं म्हणून तसं काढलं. माझ्या मते आईने आधी माझ्याकडे यायचं ठरवलं.

प्लॅन: लेक सुपीरियरला पूर्ण फेरी, तेराशे मैल. आईला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

रविवार, ६ मे
स्लाइड-आउट म्हणजे काय हे आईला असं सांगायचं: भिंतीचा एक तुकडा सोफ्यासकट मोटरवर बाहेर सरकतो, मोठा ड्रॉवरच, आणि आत एक खोली वाढते. आई म्हणेल, बाहेर पडणार तर नाही ना. पडणार नाही. छत्तीस इंचांवर थांबतो.

माझं ऑफिसातलं काम गाडीच्या सीटच्या रेल्सचं आहे, सीट ज्यांच्यावर पुढे-मागे सरकतं त्या. स्लाइड-आउट हे मोठं सीट आहे. मी या कामाला जरा जास्तच क्वालिफाइड आहे.

शनिवार, १२ मे
निदान झालं. खाली दोन रेल आहेत, डावा उजव्याच्या एक इंच पुढे धावतो. खोली तिरकी होऊन अडकते. उपाय: एका बाजूचे बोल्ट सैल करून सरळ करायची.

मॅन्युअलमध्ये लिहिलंय की हे काम दोन माणसांनी करावं, एकाने आत स्विच दाबावं, दुसऱ्याने बाहेरून बघावं. मॅन्युअल लिहिणाऱ्याने कामाचा नीट विचार केलेला नाही. स्विच दाबायला माणूस कशाला.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांच्याकडे भाच्याची मुंज आहे, रविवारी ये म्हणाल्या. काम आहे म्हटलं. कामं खरंच होती.

रविवार, २० मे
आईचा फोन. वहिनीची शुगर वाढली आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. दादा एकटा सगळं कसं करणार, म्हणून आई-बाबा २८ ऐवजी १७ जुलैलाच प्लेनोला जातील. दादाने तिकीट बदललंही. आईने विचारलं, चालेल ना गं तुला. चालेल म्हटलं. कारण योग्य आहे.

दहा दिवस. तसंही तेराशे मैल म्हणजे आईच्या गुडघ्यांना जास्तच होतं. सुधारित प्लॅन: मॅकिनॉच्या पुलापर्यंत, पलीकडे दोन मुक्काम, परत. खरं तर हाच प्लॅन बरा होता.

शनिवार, २६ मे
स्विचची सोय केली. लाटणं स्विचवर आडवं ठेवून दोन इलॅस्टिक दोऱ्यांनी बांधलं. खोली आत यायला लागली, मी बाहेर डाव्या रेलपाशी. सगळं मोजल्याप्रमाणे. सहा इंचांवर आतून मोडल्याचा आवाज आला. ओट्याखालचं कपाट उघडं राहिलं होतं. कपाटाचं दार आता नाही. लाटण्याला काही झालेलं नाही.

काका कुंपणाशी उभे होते. म्हणाले, काय करून राहिलीस, चीफ, पोळ्या की इंजिनियरिंग. मी म्हटलं, टेस्टिंग.

दाराशिवाय कपाट वापरायला सोपं पडेल.

शनिवार, २ जून
सकाळी दहा. आज प्लंबिंग. आईला कागद चालत नाही आणि ती ते कुणाला सांगणारही नाही, दहा दिवस पाणी कमी पिऊन काढेल. म्हणून ऑफिसातल्या एकाबरोबर पुण्याहून टॉयलेटमध्ये धुवायचा जेट मागवून घेतला होता, टी-जॉइंट आणि पाइपसकट. इथल्या दुकानात असलं काही मागितलं तर बागेला पाणी घालायच्या नळीकडे नेतात.

शंका होती म्हणून आटे मोजले. अर्ध्या इंचाची फिटिंग, इंचाला चौदा आटे. इथल्या व्हॉल्व्हचेही इंचाला चौदा. आटे जुळतात. जगाने एका बाबतीत तरी एकमत केलेलं आहे.

दुपारी तीन. तीन फेरे सहज, चौथा जरा घट्ट. बसला.

सव्वातीन. थेंब.

चार. टेफ्लॉन टेपचे आठ वेढे. थेंब.

पाच. चौदा वेढे. मिनिटाला चार थेंब, म्हणजे दिवसाला २८८ मिली. खाली दोन लिटरचं पातेलं ठेवलं, ६.९ दिवस पुरेल. काकांच्या अंगणातल्या नळीचं प्रेशर चालू ठेवून आठवडाभर टेस्ट करायची. गळती स्वतःच बसते कधी कधी.

रविवार, ३ जून
आईचा फोन. जेटबद्दल काही बोलले नाही, नुसतं विचारलं की तिकडे प्लंबर नळ गळला तर काय लावतो. आई म्हणाली, सुतळी आणि सफेदा. मग म्हणाली, बाबांना देऊ का, ते एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात होते, त्यांना बरं वाटेल. नको म्हटलं. बाबांनी विचारलं असतं, कशासाठी, आणि सरप्राइज गेलं असतं.

तिने विचारलं, नळ गळतोय का. म्हटलं, नाही.

शनिवार, ९ जून
पातेलं पाऊणच भरलं होतं. गळती आपोआप कमी होते, हा माझा अंदाज बरोबर होता.

टी-जॉइंटचं दुसरं टोक भिंतीकडे आहे. ते मी मोजलं नव्हतं, कारण दिसत नव्हतं. तिथून आठवडाभर पाणी ट्रेलरच्या जमिनीत मुरलं. चिपबोर्ड सहा मिलिमीटर फुगला आहे. फुगला तो नेमका स्लाइडच्या रोलर्सखाली. खोली आता तिरकीसुद्धा होत नाही, हलतच नाही.

ट्रेलरखाली डबकं बघून काका आले. सांगायची वेळ आली म्हणून सांगितलं. त्यांनी जेट हातात घेतला, खिशातून चष्मा काढला, आटे बघितले आणि हसायला लागले. बराच वेळ. म्हणाले, चौदाला चौदा, बरोबर, पण आपल्याकडच्या आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा आणि इकडचा साठाचा. फिरतो, बसतो, घट्टही होतो आणि गळतो. अठ्ठ्याहत्तर साली काकूंसाठी असाच नागपूरहून आणलेला नळ त्यांनी बसवला होता. खालच्या मजल्यावर भाडेकरू होता.

मी कोन मोजला नव्हता. सीटच्या ड्रॉइंगवर असलं काही राहिलं असतं तर मी ते ड्रॉइंग परत पाठवलं असतं.

काकांकडे दोन्ही आट्यांचा अ‍ॅडॅप्टर होता. पितळी. मागवून ठेवलेला, लागला तर म्हणून. घेतला. परत करीन असं सांगितलं.

रविवार, १७ जून
जुनी जमीन कापून काढली. नवा प्लायवूड अर्धा बसवला. जेट कोरडा आहे, मागची बाजू आरसा धरून बघितली.

संध्याकाळी दादाचा फोन. आई-बाबा ११ लाच आले तर बरं, म्हणाला. डॉक्टर बाळ लवकर काढायचं म्हणताहेत आणि वहिनीला एकटीला भीती वाटते. मग म्हणाला, तुला वाईट नाही ना वाटणार. मी म्हटलं, मला ऑफिसात खूप काम आहे, उलट बरंच. त्याने थँक्स म्हटलं. आम्ही एकमेकांना थँक्स म्हणत नाही.

चार दिवस. नव्वद मैलांवर तळ्याकाठी एक चांगलं कॅम्पग्राउंड आहे. लांबचे प्रवास ओव्हररेटेड.

एकवीस दिवसांची रजा मंजूर होऊन आली. बदलली नाही. फॉर्म परत भरावा लागतो.

शनिवार, ३० जून
दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी स्लाइड-आउट पूर्ण बाहेर आला. छत्तीस इंच. दोन्ही रेल सारखे, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. तीनदा आत घेतला, तीनदा बाहेर काढला. स्विचवर काका होते. मदत म्हणून नव्हे, ते तिथे उभेच होते.

काकू आत येऊन सोफ्यावर बसल्या. म्हणाल्या, अगं, केवढं मोठं झालं. मग विचारलं, आईला सांगितलंस का. म्हटलं, येऊन बघेल.

खिडकीला पडदे लावले. बाबा दुपारी झोपतात.

मंगळवार, ३ जुलै
दादाचा ई-मेल. बाळ मंगळवारी, दहा तारखेला, ऑपरेशनने. आई-बाबा सातलाच पुढच्या विमानाने येतील, तिकीट बदललं आहे. डेट्रॉइटला दुपारी १:४० ला उतरतात, ५:१५ ला सुटतात. भेटशीलच.

तीन तास पस्तीस मिनिटं. इमिग्रेशन आणि कस्टम्स एक तास. विमानतळावरून काकांकडे एकोणचाळीस मिनिटं. ट्रेलरमध्ये पंधरा. परत एकोणचाळीस. ४:१३ ला परत विमानतळावर, बोर्डिंग ४:४५. शक्य आहे. काकूंनी विचारलं, जेवतील ना. म्हटलं, ट्रेलरमध्ये जेवतील, पण दहा मिनिटांत संपेल असं करा.

शनिवार, ७ जुलै
सकाळी अकरा. गाडीत पेट्रोल भरलं. मागच्या सीटवर उशी ठेवली आईच्या पाठीला. जाताना एक वाक्य म्हणून बघणार आहे: आई, दोन दिवस राहा ना, तिकीट परत बदलता येतं. तीन दिवस आहेत बाळाला. हे गणित आहे, हट्ट नाही.

संध्याकाळी सात. ते ३:२५ ला बाहेर आले. कस्टम्सने डिंकाचे लाडू उघडले. बाबांनी त्यांना डिंक म्हणजे काय हे समजावलं आणि त्यात चाळीस मिनिटं गेली. ट्रेलरचं गणित तिथेच संपलं.

कॉफीच्या दुकानासमोर खुर्च्यांवर बसलो. आई माझ्या हाताकडे बघत होती, अंगठ्यावर ग्राइंडरचा वण आहे. काय झालं विचारलं. ऑफिसात लागलं म्हटलं. बाबा माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी शोधत बसले, मग आठवलं, ती दादाच्या सामानाच्या बॅगेत होती आणि ती बॅग पुढच्या विमानाला गेली होती. बाबा वरमले. म्हणाले, पार्सलने पाठवतो. मग विचारलं, तुझं सगळं व्यवस्थित ना. म्हटलं, हो.

आईने माझा हात घेतला आणि म्हणाली, “तुझी मला काळजीच वाटत नाही बघ. यशोधनला सारखं कुणीतरी लागतं. तुला लहानपणापासून कुणी लागलंच नाही.”

कौतुकाने म्हणाली. वाक्य म्हणायची वेळ ती होती. येताना गाडीत चार वेळा म्हणून बघितलं होतं, चारही वेळा नीट आलं होतं. मी म्हटलं, “बोर्डिंग पावणेपाचला आहे, सिक्युरिटीला रांग आहे, निघा तुम्ही.”

बाबांनी वळून हात केला. आई बॅगेत पासपोर्ट बघत होती.

काकूंकडे पुरणपोळ्या झाकून ठेवल्या होत्या. ट्रेलरमध्ये सोफ्यापुढच्या टेबलावर पाच ताटं मांडलेली. भूक नाही म्हटलं. काका स्विचच्या बाजूला जाऊन उभे राहिले, स्लाइड आत घ्यायचा असेल तर म्हणून. राहू दे म्हटलं.

रात्री नऊ. अजून उजेड आहे. ट्रेलरमध्येच बसले आहे. आत्ता आईचा फोन येऊन गेला. पोचले. दादा त्यांना विमानतळावरून घरी नेतो आहे. ते नीट पोचले का हे विचारायला उल्काकाकूंनी प्लेनोला फोन केला होता आणि वहिनीला सगळं सांगितलं होतं. ट्रेलर, जेट, पडदे, पाच ताटं. वहिनीने ते फोन करून गाडीत आईला सांगितलं.

मागे दादा कुठल्या एक्झिटने जायचं ते बाबांना सांगत होता. मग आई म्हणाली, “नीलू, अगं, राहा म्हणायचंस की एकदा. राहिले असते.”

मी म्हटलं, आवाज तुटतोय, काही ऐकू आलं नाही.

तिने विचारलं, ऐकू आलं नाही का. म्हटलं, नाही. मग म्हणाली, काही नाही, जेवलीस का. जेवले म्हटलं.

आवाज तुटत नव्हता.