दोन रेघा

ती. आईला शेंडेफळाचा नमस्कार,

मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. तेव्हा ते विचारू नकोस.

काम काय करतेस, म्हणालीस. प्रोटॉन एकमेकांवर आपटले की कधीकधी क्वार्क नावाच्या जड कणांची जोडी जमते. अशा किती जमल्या ते आम्ही मोजतो. जोडी दिसत नाही, जमते न जमते तोच मोडते. तिच्यातून दोन हलके कण निसटतात, त्यांच्या रेघा यंत्रात उमटतात. त्या जुळवल्या की जोडी होती हे कळतं. एकाच रेघेवरून मात्र काही बोलायचं नाही, असा सरांचा दंडक आहे.

म्हणून रविवारी मी गप्प बसले. बाबा फोनवर आले नाहीत, झोपलेत म्हणालीस. काल ऐन कामाच्या दिवशी घरचा फोन दादाने उचलला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "सगळं ठीक आहे."

आता रेघा दोन झाल्या, आई. सकाळपासून यंत्राच्या खोलीत नुसत्या येरझारा घालतेय. सर म्हणाले, "बस की जरा." बसवत नाही.

फोनवर तू आवाज सांभाळतेस. कागदावर तुला खोटं जमत नाही, म्हणून लिहितेय. रजा मागितली आहे. बाबा खरंच झोपलेले असतील, तर मी येऊन उठवीन.

तुझी,
शेंडेफळ