तृप्तीचा पुढे आलेला दात

जालना, ३ नोव्हेंबर २०२५

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

तुझा तो पुढे आलेला दात घासायचा किती? मला सांगता येत नाही. दातांची डॉक्टर होऊनही सांगता येत नाही, हे काकांना कळू देऊ नकोस. घरात शिकलेली मी पहिलीच, म्हणून ते मला पाण्याच्या मोटारीचंही निदान विचारतात. फोनवर काकू स्पीकर लावतात, म्हणून हे पत्र.

तुझ्या चार दातांवर बोअरच्या पाण्याचे तपकिरी डाग आहेत. त्यांवर चिनी मातीची पातळ कवचं, म्हणजे व्हिनिअर, बसवायची. आधी दात जरासा घासून जागा करावी लागते. तीन दात नखाच्या जाडीइतकेही घासायला नकोत. चौथा मात्र रांगेबाहेर उभा आहे. न घासता कवच लावलं तर ओठ फुगल्यासारखा पुढे येईल, हिरडीपाशी कडही नीट बसणार नाही. रांगेत आणायला घासला तर वरचं टणक एनॅमल संपेल. तुझं मत कळव.

काका-काकूंना नमस्कार.

तुझी,
प्रियदर्शनीताई

हसनाबाद, ७ नोव्हेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

घासून टाक! साखरपुड्याच्या फोटोत सोमेश्वररावांशेजारी मी तोंडावर हात ठेवून उभी हाये, शिंक आल्यासारखी. मला एकदा हात न लावता हसायचंय, ताई.

आई म्हणते, दात घासायला ही पोरगी त्याला तांब्या समजली का? मंग तिनंच विचारलं, लग्नात विडा तोडताना कवच निघणार तर न्हाई? मी दातात विडा धरणार, ते दातानं तोडणार, आणि नणंद बेबीनंदाबाई त्यात मुद्दाम अख्खी सुपारी घालतात म्हणे. कवच विड्यासंगं सोमेश्वररावांच्या तोंडात गेलं तर मी जल्दीच माहेरी येईन. म्हणून दात सरळ पण पाहिजे आणि पक्का पण.

तुझी लाडकी,
तृप्ती

जालना, ११ नोव्हेंबर

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

सरळ आणि पक्का, दोन्ही आत्ता जमत नाही. तुझ्या दातांच्या प्लास्टरच्या साच्यावर मी तो दात घासून पाहिला. रांगेत येईपर्यंत एनॅमल गेलंच. तुमच्या ओट्याची फरशी आठव. खाली काँक्रीट होतं तिथे टिकली, पोकळ राहिलं तिथे काकांनी पोतं टेकवताच तडकली. कवचाचंही तसंच. एनॅमलवर ते घट्ट धरतं. आतला थर मऊ, त्यावर पकड कमी आणि तडकायची भीती जास्त.

दवाखान्यातले सर म्हणाले, घासून मोकळी हो, नवरी खूश होईल. मी म्हटलं, नवरी एक दिवसाची, तृप्तीला पुढे चाळीस वर्षं हसायचंय.

म्हणून तीनच दातांना कवच. चौथ्याचा डाग औषधानं फिका करू. तो थोडा पुढेच राहील. लग्नानंतर तारा लावून रांगेत आणू, मग हवं तर त्यालाही कवच. विडा बाजूच्या दातात धर, आणि सुपारीचं बेबीनंदाबाईंशी काकूंनाच बोलू दे. त्या दोघींत मी पडत नाही.

रागवायचं असेल तर सोमवारी खुर्चीत बसण्याआधी रागव. नंतर तोंड माझ्या ताब्यात असेल. लोभ आहेच, तो एका दातापायी कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
प्रियदर्शनीताई

ता. क. सर शेवटी म्हणाले, केस तुझी आहे. केसपेपरवर कवचासाठी लिहिलेला चौथा दात मी आज खोडला आणि शेजारी माझी सही केली.