नानांच्या फियाटचं हँडल

दिपमाला,

नानांना घरी आणायला धुळ्याला निघालोय. दवाखान्यातून अकराला सोडतील. तू आलीस की आधी शेडमध्ये जा.

दसऱ्याला पूजेआधी नाना फियाटला पुढून हँडल लावून इंजिन हातानं फिरवून बघायचे. त्यांचे गुडघे गेल्यापासून चार दसरे ते काम माझ्याकडे. मी नुसता हार घातला आणि फिरवलं म्हणून सांगत आलो. तू म्हणायचीस, एकदा फिरवा हो. आता ते काढू नको, पाया पडतो.

काल पंधरा दिवसांनी त्यांना वाचा आली, तर पहिलं हेच, "इंजिन फिरस ना रे?" मी म्हटलं, "मस्त फिरस."

सकाळी बघितलं, ठार जाम आहे. प्लग काढून चारही भोकांत ऑइल ओतलंय, गाडी न्यूट्रलला आहे. हँडल हळूहळू दाबून बघ, झटका देऊ नको. बोटभर हललं तरी फोन कर.

नानांचा उजवा हात गेलाय, म्हणजे ते समोर बसून मलाच फिरवायला लावणार. नाहीच हललं तर हँडल विहिरीत टाक. हरवलं म्हणून जन्मभर शिव्या खाईन, पण माझं खोटं त्यांना आज कळायला नको.

प्रेमराज