गाडी जाईपर्यंत

२ मार्च १९९८, सोमवार

डीननं इतिहास पुन्हा परत पाठवला. समासात लाल शाईत दोनच शब्द — "भारदस्त करा."

आता आमच्या शाळेचा शंभर वर्षांचा इतिहास भारदस्त करायचा म्हणजे दुसऱ्याच एखाद्या शाळेचा लिहावा लागेल! ही लॉ स्कूल फिनुकेन नावाच्या आयरिश वकिलानं शवपेट्यांच्या दुकानावरच्या माडीत काढली. खाली मेलेल्यांची सोय, वर भांडणाऱ्यांची. शिकागोतल्या एकाही बऱ्या क्लबात फिनुकेनला घेत नव्हते, म्हणून त्यानंही कुणाला प्रवेश नाकारला नाही. ज्यू, पोलिश, काळे, ट्रामचे कंडक्टर, एक हाकललेला पाद्री. बायकांना घेतलं ते तत्त्वासाठी वगैरे नाही, बायकोच्या धाकानं. मी हे सगळं लिहिलं.

डीन व्हिटलॉक म्हणाले, "बर्नाडेट, त्या शवपेट्या काढता येतात का बघा. 'व्यापारी इमारत' म्हणूया."

त्यांचंही बरोबर. जूनमध्ये नदीपलीकडचं बडं विद्यापीठ आम्हाला गिळणार आहे. डीन त्याला "विवाह" म्हणतात. मुलीकडच्यांनी शवपेट्यांचा विषय काढू नये एवढंच त्यांचं म्हणणं.

३ मार्च

शवपेट्या काढल्या नाहीत. उलट एक वाढवली.

५ मार्च, गुरुवार

संध्याकाळी सहाला चारशे सहा नंबरच्या खोलीत करार कायद्याचा वर्ग. बाहेर बर्फाचा चिखल, आत बावीस दमलेले जीव आणि कुणाच्या तरी डब्यातल्या तमालेंचा, म्हणजे पानात उकडलेल्या मक्याच्या मेक्सिकन मुटक्यांचा, घमघमाट. वर्गात खायला बंदी आहे. मी दोन खाल्ले.

ओफेलिया झामुदिओला उभं केलं. ही दिवसभर शहराची बस चालवते आणि गणवेशातच येते. म्हटलं, "झामुदिओबाई, एकानं वचन दिलं आणि दुसऱ्यानं बदल्यात काहीच दिलं नाही, तर करार होतो का?" तिनं तोंड उघडलं आणि गाडी आली.

आमचे रात्रशाळेचे वर्ग रुळांच्या बाजूला. उंच पुलावरून धावणारी शहरातली लोकल गाडी खिडकीला घासूनच जाते म्हणा ना. तेवढा वेळ देव जरी बोलला तरी ऐकू यायचा नाही. म्हणून फिनुकेनच्या काळापासूनची रीत — गाडी आली की बोलणाऱ्यानं जिथं असेल तिथं थांबायचं, उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर टेकवायची, आणि गाडी गेली की तुटल्या जागेपासूनच पुढं बोलायचं. वाक्य पहिल्यापासून सुरू करायचं नाही. जो वाक्य पुन्हा सुरू करतो तो खटला हरलेला असतो, असं फिनुकेन म्हणायचा म्हणे.

ही सवय मरेपर्यंत सुटत नाही. आमचे नाइटवाले कोर्टात बाहेरून नुसता ट्रक गेला तरी दोन बोटं टेकवून गप्प होतात. न्यायाधीशांना वाटतं, काय खोल विचार करतोय! दिवसवाल्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांचे वर्ग मागच्या अंगाला, तिथं पारव्यांशिवाय कुणी आवाज करत नाही.

ओफेलियानं बोटं टेकवली, डोळे मिटले. गाडी गेल्यावर घडाघडा बरोबर उत्तर दिलं.

मी म्हटलं, "गाडीनं वाचवलं."

"सहाच डबे होते, प्रोफेसर. आठ असते तर आणखी छान सांगितलं असतं."

९ मार्च, सोमवार

रात्रशाळा बंद.

म्हणजे अजून नाही. २६ तारखेला विश्वस्तांचं मत पडायचंय. पण डीननं कॉफी ढवळता ढवळता सांगून टाकलं. बड्या विद्यापीठाला फक्त दिवसवाले हवेत. रात्रवाल्यांमुळे दर्जा खाली येतो म्हणे. नाइटच्या मुलांनी दिवसा यावं, नाहीतर त्यांना "मनःपूर्वक शुभेच्छा".

मला सव्वीस वर्षं झाली संध्याकाळी सहाला त्या खोलीत शिरायला. घरी येऊन भांडी आपटली. कपाचा कान तुटला.

१० मार्च

वर्गात सांगितलं. ओफेलिया म्हणाली, "चारातली तीन वर्षं झालीत माझी. दिवसा आले तर बस कोण चालवणार? तुम्ही?"

मग खालच्या आवाजात, "आईला सांगून बसलेय हो मी, पुढच्या वर्षी वकील होणार म्हणून."

मी खिडकीकडे बघत राहिले. गाडीही आली नाही.

११ मार्च, बुधवार

जज झेंबांना भेटून आले. अपिली कोर्टातून निवृत्त, विश्वस्तांचे अध्यक्ष, आमचे सगळ्यात थोर माजी विद्यार्थी. शाळेच्या दिवाणखान्यात त्यांची तसबीर आहे, खाली पितळी पाटी — "लिओनार्ड झेंबा, दिवस विभाग, सुवर्णपदक". ते म्हणतील तसंच बाकीचे हात वर करणार.

क्लबात सूप पीत होते. मला बसायला सांगितलं, सूप विचारलं नाही.

"बर्नाडेट टूमी, मी भावनेवर निकाल देत नाही. ही पोरं दिवसभर राबून येतात. अर्धी झोपलेली असतात. अर्धवट शिकतात आणि अर्धवट वकील होतात."

मी म्हटलं, "कधी येऊन बघितलंत त्यांना?"

"मला बघायची गरज नाही."

शिष्ट म्हातारा. परत येताना लिफ्टमध्ये आरशासमोर त्याची नक्कल केली, तर मागे क्लबचा सेक्रेटरी उभा.

१४ मार्च, शनिवार

सेंट पॅट्रिकच्या आयरिश सणासाठी दरवर्षीसारखी नदी रंग टाकून हिरवीगार केली. डीन पुलावर उभे राहून पाहुण्यांना ही इथली जुनी संस्कृती म्हणून दाखवत होते. सोबत बड्या विद्यापीठाचे तिघे. तिघांचेही बूट स्वच्छ.

१९ मार्च, गुरुवार

आज फार बरं वाटलं. विवाहासाठी मागच्या अंगाचं सभागृह रंगवायला काढलंय. तेव्हा विश्वस्तांची बैठक कुठं घ्यायची? डीननं इमारतीचा नकाशा बघून स्वतः खोली निवडली — चारशे सहा! "मोठ्या खिडक्या आहेत, उजेड छान येत असेल," म्हणाले. दोन वर्षांत हा माणूस एकदाही रुळांच्या बाजूला फिरकलेला नाही. त्यात बैठक संध्याकाळी पाचला, गाड्यांच्या ऐन गर्दीत.

मी तोंडाला कुलूप घातलं. डीनच्या भाषणाचा चुराडा होताना बघायचा एवढीच माझी इच्छा. बाकी आपण हरणारच आहोत, निदान करमणूक तरी होऊ दे.

२६ मार्च, गुरुवार

उशीर झालाय, पण लिहितेच.

विद्यार्थ्यांना मागं बसायची परवानगी होती. ओफेलिया गणवेशात, बाकीचे कामावरून थेट. डीन उभे राहिले. "आपली उज्ज्वल परंपरा" म्हणाले आणि गाडी आली. थांबेनात! ओरडत राहिले. गळ्याच्या शिरा फुगल्या, आवाज शून्य. गाडी गेल्यावर पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा गाडी. तीनदा झालं. मागच्या बाकावर लोक मफलर तोंडात कोंबून हसत होते. मीही.

मग जज झेंबा ठराव वाचायला उठले. कागद बघत, त्याच सुपाच्या आवाजात — "संध्याकाळच्या विभागाचा एकंदर दर्जा लक्षात घेऊन तो येत्या जून—"

गाडी आली. झेंबा थांबले. उजवा हात आपसूक खाली गेला आणि दोन बोटं टेबलावर टेकली.

खोलीत डीन सोडून सगळ्यांनी पाहिलं. डीन कागद चाळत होते. गाडी लांबलचक होती, संपता संपेना.

"—पासून बंद करण्यात यावा," झेंबा म्हणाले. त्याच जागेवरून, त्याच सुरात. आणि मग त्यांचं स्वतःच्या बोटांकडे लक्ष गेलं.

मागून ओफेलिया म्हणाली, अगदी मायेनं, एखाद्या चुकलेल्या उतारूला विचारावं तसं — "जज, तुम्ही कुठल्या बाकावर बसायचात?"

डीन म्हणाले, "हे नियमात बसत नाही, विद्यार्थ्यांना बोलायचा—"

"तिसऱ्या," झेंबा म्हणाले. "खिडकीकडून तिसऱ्या. तिथला पाइप गरम असायचा."

मग ते खाली बसले. म्हातारे दिसायला लागले एकदम. म्हणाले, दिवसा मी कत्तलखान्यात डुकरं सोलायचो. इथं यायचो तेव्हा अंगाला वास असायचा, म्हणून तो अख्खा बाक मला मोकळा मिळायचा. पास झालो तेव्हा बड्या कचेऱ्या नाइटवाल्याचा अर्ज न वाचता टोपलीत टाकायच्या. एकदा दिवसाचा म्हणून सांगितलं आणि नोकरी लागली. मग तेच सांगत राहिलो. बायकोही तेच खरं मानून वारली.

टेबलाच्या टोकाला बँकवाले विश्वस्त खाकरले. "मीही नाइटला होतो, चारशे दोनमध्ये," ते हळूच म्हणाले.

मला खरं तर आनंदानं नाचायला हवं होतं. म्हातारा सापडला होता. पण वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस आणि इतकी वर्षं स्वतःच्याच बाकाला घाबरत जगला.

झेंबांनी ठरावाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "मी हा पुन्हा लिहितो," म्हणाले. मत पडलंच नाही.

२७ मार्च

डीन जिन्यात भेटले. मी "सुप्रभात" म्हटलं. त्यांनी वर बघितलं, जणू छतातून कुणी बोललं.

३० मार्च, सोमवार

कुणाला काही कळेना. बैठका क्लबात चालू आहेत. नकारच येईल असं मनाशी धरून बसलेय. ओफेलिया रोज विचारते आणि मी रोज चष्मा पुसते.

दिवाणखान्यातली पितळी पाटी मात्र दिसत नाही. भिंतीवर चार भोकं आहेत.

२ एप्रिल, गुरुवार

ठराव झाला. बड्या विद्यापीठाला दिवसाची शाळा दिली — मागचे वर्ग, ताजा रंग, पारवे, डीन व्हिटलॉक, सगळं. शाळेचं फिनुकेन हे नाव, रुळांकडची बाजू आणि रात्र आमच्याकडे राहिली. बातमी सांगायला जज झेंबा स्वतः चारशे सहामध्ये आले. ओफेलिया रडली आणि वर मलाच म्हणाली, "रडू नका हो, प्रोफेसर."

वर्ग सुटल्यावर झेंबा तिसऱ्या बाकावर बसून म्हणाले, "टूमी, आता या शाळेला डीन नाही. तुम्ही होता का?" मी तोंड उघडलं आणि गाडी आली. आठ डबे होते. दोन बोटं टेकवून उभी राहिले.