दोन पावसाळ्यांचं कपाट

अनुराग,

मी तुह्या मंजुषाताईकडे कटंगीले चालली. तुह्या बाबांचं सागवानी कपाट विकून तू हे घरी जोडायचं कपाट आणलं, तेव्हा म्हणाला होता, "आई, दहा वर्षं याले काही होत नाही." दोन पावसाळ्यांत भुशाची फळी फुगली, स्क्रू सुटले आणि काल वरचा कप्पा माह्या हातावर पडला. तू धावत आला, कंपनीले पाठवाले फोटो काढले आणि मलेच विचारलं, "इतक्या गोधड्या काहून भरल्या?" मग तू फोनवरच होता. शेजारच्या प्रेमलालभाऊनं दवाखान्यात नेलं, मनगटाले प्लास्टर लागलं. मले घ्याले येऊ नको, मी सांगीन तेव्हाच ये. एका हातानं पोळ्या लाटता आल्या नाही, म्हणून आज फक्त वरण-भात आहे.

आई